नवा फोन रात्रभर नुसता पडून, तरी चार्जिंग उतरतंय

(सोसायटीचा ग्रुप, गोडोली, सातारा)

सोमवार, रात्री ९.१०

बी-२०३: नमस्कार सगळ्यांना. मोबाईलमधलं कळणाऱ्यांनी जरा सांगा की. गुरुवारी नवीन फाईव्ह-जी फोन घेतलाय, अँड्रॉइड, ५००० एमएएच बॅटरी, दोन सिम. रात्री ११ ला ८६ टक्के होतं, सकाळी ७ ला ६२. मध्ये कुणी हात लावला नाही. दुकानदार म्हणतोय, बॅटरी सेट व्हायला वेळ लागतो. थांबावं का बदलून घ्यावा?

ए-१०४: वहिनी, आधी हिशोब मांडू. ८६ चे ६२, म्हणजे ८ तासांत २४ टक्के. ५००० चे २४ टक्के म्हणजे १२०० एमएएच, त्याला ८ ने भागलं की सरासरी १५० मिलीअँपिअर. दोन सिम आणि वाय-फाय चालू असलेला आजचा धड फोन रात्रीत साधारण ४ ते ८ टक्के उतरतो, म्हणजे २५ ते ५० मिलीअँपिअर. तुमचा त्याच्या किमान तिपटीने खातोय. फोन झोपतच नाहीये, कोणतरी त्याला सारखं उठवतंय.

ए-१०४: बॅटरी सेट व्हायची गोष्ट जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांची. लिथियमला पहिल्यांदा ८ तास लावून ठेवायची वगैरे काही गरज नसते. पहिले तीनचार दिवस काम चालू असतं ते सॉफ्टवेअरचं: जुन्या फोनवरून आलेली अ‍ॅप अपडेट होतात, फोटोंची छाननी होते, बॅकअप चढतो. तुम्ही जुन्यावरून सगळं कॉपी केलंत का?

बी-२०३: हो, सगळंच. व्हॉट्सअ‍ॅप, फोटो, कॉन्टॅक्ट, सगळी अ‍ॅप.

ए-१०४: मग गुरुवार, शुक्रवारचं उतरणं सोडून द्या. पण सोमवार आला तरी २४ टक्के जातंय म्हणजे कारण शोधायला पाहिजे. बॅटरीच खराब असली तर खुणा वेगळ्या असतात: ४० वरून एकदम १५ वर उडी, २० टक्के दाखवत असताना फोन बंद पडणं, मागची बाजू फुगणं. असं काही आहे का?

बी-२०३: नाही, तसं काहीच नाही. सरळ हळूहळू उतरतंय.

ए-१०४: बदलून घ्यायची मुदत बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती ७ दिवसांचीच असते. खोका, बिल, चार्जर एकत्र ठेवा. तोवर दोन रात्री तपासायला मिळतात, तेवढ्या पुरतात.

डी-१०१: वहिनी, प्ले स्टोअरवर रॅम क्लीनर मिळतो तो टाका. बॅकग्राउंडचं सगळं बंद करतो.

सी-३०२: दादा, तो नको. मी हेच काम करतो म्हणून ठामपणे सांगतो. क्लीनर एखादं अ‍ॅप मारतो, ते अ‍ॅप मिनिटाभरात पुन्हा शून्यापासून उठतं, परत मारलं जातं. त्यात बॅटरी जास्तच जाते, वर क्लीनर स्वतः रात्रभर जागा. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० पासून डोझ नावाची सोय आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला, फोन एका जागी स्थिर असला की सिस्टिम अ‍ॅपना थोपवून धरते आणि मधून मधून थोडा वेळ सगळ्यांना एकदम काम करू देते. डोझ नीट लागला तर वेगळं काही बसवावं लागत नाही. तुमच्याकडे तो का लागत नाही, एवढंच शोधायचंय.

सी-३०२: आत्ता एवढं बघा. सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी युसेज. कालच्या रात्रीच्या तासांवर बोट ठेवा. यादीत वर काय आहे? प्रत्येक अ‍ॅपवर दाबलं की स्क्रीनवर किती वेळ आणि बॅकग्राउंडला किती वेळ ते वेगळं दिसतं. स्क्रीनवर ० मिनिटं आणि बॅकग्राउंडला चारपाच तास, असं अ‍ॅप दिसलं की संशयित तेच.

बी-२०३: वर "मोबाईल नेटवर्क" आहे. त्याखाली गूगल प्ले सर्व्हिसेस, मग फोटोज. व्हॉट्सअ‍ॅप बरंच खाली.

सी-३०२: छान, बरंच कळलं. फोटोज उघडून उजवीकडे वरच्या गोल चित्रावर दाबा, बॅकअपचे किती बाकी आहेत ते दिसेल. कधीकधी एखाद्या लग्नाचा दोनतीन जीबीचा व्हिडिओ अडकतो. तो अर्धा चढतो, वाय-फाय तुटतं, पुन्हा पहिल्यापासून. तसा असेल तर फोन चार्जरला लावून, राउटरजवळ ठेवून एकदाचा चढवून टाका. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओही काढून टाका, तो बॅकअप रात्रीच चालतो.

सी-३०२: प्ले सर्व्हिसेस वर दिसलं म्हणून त्याच्या मागे लागू नका. दुसरी अ‍ॅप लोकेशन आणि सिंक (खात्यातली माहिती फोनशी जुळवत राहणं) त्याच्यामार्फत मागतात, म्हणून खर्च त्याच्या नावावर पडतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, कुठल्या खात्यावर सिंकचं चक्र सतत फिरतंय का बघा. फिरत असेल तर ते खातं काढून पुन्हा घाला. कॉन्टॅक्टचा बॅकअप झालाय ना, हे मात्र आधी तपासा.

बी-४०१: मोबाईल नेटवर्क सगळ्यात वर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. टॉवरच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून विचारतो. फोन रात्री कुठल्या खोलीत असतो?

बी-२०३: मागच्या बेडरूममध्ये काका, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला.

बी-४०१: तिथेच पाणी मुरतंय असं दिसतंय. त्या बाजूच्या खोल्यांना डोंगराची आड आहे आणि वर काँक्रीटच्या भिंती. त्या खोलीत उभं राहून सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे सिम स्टेटस उघडा. सिग्नल स्ट्रेंथपुढे उणे आकडा असेल. दोन्ही सिमचे सांगा. काड्या बघू नका, काड्या प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने काढते.

बी-२०३: सिम १ ला उणे ९८. सिम २ ला उणे ११८, मध्येच ते जातं आणि परत येतं.

बी-४०१: उणे ९० च्या आसपास चांगलं, ११० च्या पुढे कमजोर, १२० ला जवळजवळ संपलंच. सिम २ काठावर आहे. अशा वेळी फोन गप्प बसत नाही, आजूबाजूचे टॉवर सारखे मोजत राहतो, फाईव्ह-जीवरून फोर-जीवर आणि परत, अशा उड्या मारतो. प्रत्येक उडीनंतर टॉवरला हजेरी द्यायची असते, तीही जास्तीत जास्त ताकदीने, कारण टॉवरला ऐकू जात नाही. फोनची ही कमाल ताकद साधारण २०० मिलिवॅट असते. चांगल्या सिग्नलला याच्या किरकोळ अंशात काम भागतं. कासला किंवा बामणोलीच्या बाजूला डोंगरात गेल्यावर खिशातला फोन दुपारपर्यंत निम्मा होतो तो यामुळेच.

ए-१०४: काकांचं पटतंय, पण अंदाजावर सोडू नका, मोजून घ्या. आज रात्रीची कृती अशी. फोन ८० ते ९० च्या मध्ये ठेवा. १०० वरून मोजू नका, काही फोन १०० वर बराच वेळ अडून बसतात. ११ ला विमान मोड लावा. लावल्यावर वरच्या पट्टीत वाय-फाय आणि ब्लूटूथ खरंच बंद झालंय का बघा, कारण मागे कधी विमान मोडात वाय-फाय चालू केलं असेल तर अँड्रॉइड ते लक्षात ठेवतो आणि चालूच ठेवतो. टक्के आणि वेळ कागदावर लिहा. फोन त्याच खोलीत, त्याच जागी. सकाळी ७ ला पहिला आकडा तोच बघा. गजर वाजतो, काळजी नको. फोन मात्र येणार नाहीत, तेव्हा घरात दुसरा फोन चालू ठेवा.

सी-३०२: विमान मोडातही १० टक्क्यांच्या वर गेलं तर दोष अ‍ॅपचा किंवा फोनचा. मग पुढच्या रात्री सेफ मोड. बऱ्याच फोनवर पॉवर बटण धरून "पॉवर ऑफ" वर बोट दाबून ठेवलं की विचारतो. त्यात बाहेरून टाकलेली सगळी अ‍ॅप बंद राहतात. तिथे उतरणं थांबलं तर आपण टाकलेलंच एखादं अ‍ॅप खातंय. सेफ मोडमध्ये युपीआय चालणार नाही, स्क्रीनवरची विजेट निघून जातील, ती नंतर परत लावावी लागतात.

मंगळवार, सकाळी ७.२०

बी-२०३: ११ ला ८१, आत्ता ७ ला ७९.

ए-१०४: २ टक्के! वहिनी, फोन चांगला आहे, बॅटरीही चांगली. बदलायला जाऊ नका. आतलं काही गळत असतं तर विमान मोडातही गळलंच असतं.

बी-४०१: आता नेटवर्कच्या बाजूने या. सिम २ कशासाठी ठेवलंय?

बी-२०३: बँकेला तोच नंबर आहे काका. त्यावर बोलणं काहीच नाही.

बी-४०१: मग सिम कार्ड काढू नका. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर सिम २ चं बटण रात्रीपुरतं बंद करा आणि सकाळी चालू. बंद असताना ओटीपी येणार नाही आणि काही युपीआय अ‍ॅप सिम दिसलं नाही की नंबर पुन्हा तपासायला लावतात, म्हणून दिवसा चालूच असू द्या. सिम १ ला प्रिफर्ड नेटवर्क टाईपमध्ये फाईव्ह-जीऐवजी फोर-जीचा पर्याय निवडा. घरात वाय-फाय आहे, फाईव्ह-जीचा तिथे उपयोग काय?

बी-४०१: एक जपा. फोर-जीच्या खाली उतरून "फक्त थ्री-जी" किंवा "फक्त टू-जी" कधीच निवडू नका. जिओचं थ्री-जी, टू-जी नाहीच, फोन लागणंच बंद होईल.

ए-३०३: माझ्याकडे एअरटेल आहे. फाईव्ह-जी चालू ठेवलं की जास्त उतरतं असं वाटतं. खरं आहे का?

बी-४०१: कारण आहे त्याला. एअरटेलने फाईव्ह-जी सुरू केलं ते फोर-जीच्या आधारावर, त्यात डेटा चालू असताना फोन दोन्हींना धरून असतो. जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र फाईव्ह-जी घातलं. पण सिग्नल चांगला असेल तर फरक थोडा पडतो. आपल्या मागच्या खोल्यांत सिग्नलच अपुरा, तिथे कुठलीही कंपनी घ्या, उड्या मारणारच.

सी-३०२: लोकेशन सर्व्हिसेसमध्ये "वाय-फाय स्कॅनिंग" आणि "ब्लूटूथ स्कॅनिंग" अशी दोन बटणं असतात, वाय-फाय बंद केलं तरी ही शोधत राहतात. ती बंद करा. ज्यांनी डेव्हलपर ऑप्शन्स (सेटिंग्जमधलं एरवी लपलेलं पान) उघडलेत त्यांनी "मोबाईल डेटा ऑलवेज अ‍ॅक्टिव्ह" बंद करावं. ते चालू असलं की वाय-फायवर असतानाही मोबाईल डेटा जागा ठेवला जातो. ऑलवेज ऑन डिस्प्ले रात्री नको.

ए-१०४: आणि अ‍ॅप आवरताना सरसकट सगळ्यांवर कुऱ्हाड नको. सॅमसंगमध्ये "डीप स्लीपिंग अ‍ॅप्स" आहे, शाओमीमध्ये अ‍ॅपच्या माहितीत "बॅटरी सेव्हर", ओप्पो-रियलमीमध्ये "अलाऊ बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी". खरेदीची अ‍ॅप, गेम, बातम्या, कर्जाच्या जाहिराती पाठवणारी अ‍ॅप, ही खुशाल झोपवा. व्हॉट्सअ‍ॅप, बँक, गजर, साखर मोजायच्या यंत्राचं अ‍ॅप, ही अजिबात नको. आजीआजोबांच्या फोनवर गोळ्यांची आठवण देणारं अ‍ॅप डीप स्लीपमध्ये गेलं तर आठवण वाजणारच नाही.

डी-१०१: माझा जुना फोन पण परवापासून बसल्याजागी गरम होतोय आणि भराभर उतरतोय. एका ग्रुपवर लग्नपत्रिकेची फाईल आली होती ती उघडली होती, त्याचा काही संबंध असेल का?

सी-३०२: दादा, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं का? म्हणजे ती पत्रिका नसून अ‍ॅप बसवायची फाईल.

डी-१०१: हो. इन्स्टॉल करा म्हणालं, केलं. पत्रिका काही दिसली नाही.

सी-३०२: ताबडतोब विमान मोड लावा, वाय-फायही बंद. मला इथे उत्तर दुसऱ्या फोनवरून द्या. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, बँकेचं केवायसी, अशा नावांनी येणारी ही अ‍ॅप मेसेज वाचून ओटीपी बाहेर पाठवतात. ती बॅकग्राउंडला सतत जागी असतात, म्हणून फोन तापतो.

सी-३०२: आता क्रमाने करा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या कार्डामागच्या नंबरला फोन करून नेट बँकिंग आणि युपीआय थांबवा. मग तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स" आणि "अ‍ॅक्सेसिबिलिटी" बघा, अनोळखी नावाला दिलेली परवानगी काढा. परवानगी काढल्याशिवाय ते अ‍ॅप अनइन्स्टॉल होत नाही. अ‍ॅपच्या यादीत चिन्ह नसलेलं किंवा नाव कोरं असलेलंही बघा. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त. आणि दादा, ती फाईल कुणाला पुढे पाठवली असेल तर त्यांना आत्ता कळवा.

डी-१०१: करतोय. बँकेला फोन लावलाय.

ए-१०४: मी घरी आहे, फोन घेऊन या. फोटो, कॉन्टॅक्ट काढून घेऊ आणि फॅक्टरी रिसेट मारू. गूगलचा पासवर्ड आठवतोय का ते आधी बघा, रिसेटनंतर फोन तोच मागतो. आणि जुन्या बॅकअपमधून अ‍ॅप परत आणायची नाहीत, एकेक प्ले स्टोअरवरून घ्यायची.

बुधवार, सकाळी ७.०५

बी-२०३: काल सिम २ बंद, सिम १ फोर-जीवर, वाय-फाय चालू, तीच खोली. ८४ चे ७९.

बी-४०१: ५ टक्के. उत्तम. पण वहिनी, दोन गोष्टी एकदम बदलल्या, त्यातली कुठली लागू पडली ते कळलं नाही. आज सिम २ बंदच ठेवा आणि सिम १ परत फाईव्ह-जीवर टाका. पाचसहाच टक्के गेलं तर फाईव्ह-जी बिनधास्त चालू ठेवा, दोष एकट्या सिम २ चा. तसं निघालं तर तो नंबर पोर्ट करायचा विचार करा. त्याआधी शेजारच्यांचं वेगवेगळ्या कंपनीचं सिम असलेला फोन त्याच खोलीत नेऊन उणे आकडा बघा, मगच कंपनी ठरवा.

बी-२०३: बघते काका. सासूबाईंचा फोन पण त्याच खोलीत असतो, त्याच कंपनीचं सिम आहे.

बी-४०१: त्यांचा रात्री हॉलमध्ये रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवा. त्यांचं सिम बंद करू नका, रात्री-अपरात्री फोन लागायला पाहिजे. आणि त्यात वाय-फाय कॉलिंग चालू करून द्या, म्हणजे आत असतानाही आवाज तुटणार नाही. लाईट गेली की राउटर बंद होतो, तेवढ्या वेळात फोन पुन्हा टॉवरवर जाणार, तेव्हा राउटरला छोटा इन्व्हर्टर असला तर बरं.

ए-१०४: बाकी कुणाचा फोन विमान मोडातही १० टक्क्यांच्या वर उतरत असेल, सेफ मोडमध्येही उतरत असेल, तर तो सर्व्हिस सेंटरला न्या. दोन्ही रात्रींचे आकडे कागदावर न्या आणि जॉबशीटवर "बॅटरी लवकर उतरते" एवढंच लिहू देऊ नका. "विमान मोड, स्क्रीन बंद, ८ तासांत अमुक टक्के" असं लिहून घ्या. नाहीतर नुसतं अपडेट मारून फोन परत हातात देतात.