एकट्याने अनेक दिवसांची पायी भटकंती आणि रानातला मुक्काम : आपले अनुभव लिहा

सोबतीने चालताना एकाचा चुकलेला निर्णय दुसरा सावरून घेतो; एकट्याने चालताना तशी सोय नसते. म्हणून या धाग्यावर सूर्योदयाच्या वर्णनांपेक्षा, तंबू कुठे लावायचा, पाणी कुठे भरायचे, पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ठरवताना आपल्या बाबतीत काय घडले ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

दुसऱ्या दिवशी पाय थकले होते आणि ओढ्याकाठची सपाट, मऊ गवताची जागा दिसताच मी आजूबाजूचे काही न पाहता तंबू ठोकला. रात्री आभाळ निरभ्र होते, वारा पडला होता आणि उतारावरची जड, गार हवा नेमकी त्या खोलगट भागात येऊन साचत गेली. पहाटे कपाळावर पडलेल्या थेंबाने जाग आली. विजेरी लावून पाहिले, तर तंबूच्या आतल्या शिवणीवर ओळीने थेंब लटकलेले होते आणि स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू ओलसर लागत होती. पिसांची बॅग भिजली की तिचा फुगवटा बसतो आणि ऊब जाते, हे वाचून ठाऊक होते. त्या पहाटे ते पायांच्या बोटांना कळले. आता मी ओढ्यावर फक्त पाणी भरते आणि मुक्कामासाठी निदान साठ-सत्तर मीटर दूर, थोडी उंचावर, हलका वारा लागेल अशी जागा शोधते.

*

माझी चूक वेळेच्या हिशेबाची होती. नकाशावर अठरा किलोमीटर दिसत होते, म्हणून चार तास पुरतील असे धरून मी दुपारी बाराला निघालो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा असा आहे की, तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला, एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट, म्हणजे साधारण सहाशे मीटर, चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. माझ्या वाटेवर सुमारे बाराशे मीटर चढ होता, म्हणजे विश्रांती सोडूनच साडेपाच तास; शिवाय पाठीवर चार दिवसांचे ओझे. अंधार पडला तेव्हा मी डोंगराच्या धारेवर होतो, पाणवठा अजून दोन किलोमीटर पुढे होता आणि बाटलीत अर्धा लिटर पाणी उरले होते. त्या अंधारात उतरायचा मोह आवरला, धारेच्या आडोशाच्या बाजूला तंबू लावला, कोरडे खाऊन घोटघोट पाणी पीत रात्र काढली. तहान सोसवली, मुरगळलेला पाय एकट्याला सोसवला नसता.

*

थोडक्यात लिहितो. टाचेला चुरचुरू लागले की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या वळणावर पाहू’ म्हणत मी तासभर चाललो आणि चार दिवसांची भटकंती दुसऱ्याच दिवशी संपली.

*

रात्रीच्या भीतीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. पहिल्या रात्री तंबूबाहेर वाळक्या पानांत चाहूल लागली आणि मला ती मोठ्या जनावराची वाटली. शांततेत आणि अंधारात कान प्रत्येक आवाज मोठा करून ऐकतात. बराच वेळ श्वास रोखून पडून राहिल्यावर मी मोठ्याने बोलले, विजेरी लावली, आणि तिच्या झोतात एक उंदीर पानांखाली शिरताना दिसला. तेव्हापासून उजेड असतानाच तंबूभोवती एक फेरी मारून कुठे पाचोळा आहे, कुठली फांदी सैल आहे, हे मी पाहून ठेवते. मग रात्री आवाज आला की तो कुठून आला, ते उमगते. खाण्याचे सामान झोपायच्या जागेपासून दूर ठेवते. भीती अजूनही वाटते, पण आता तिच्यासोबत झोप लागते.

*

निघताना भावाला वाट, मुक्काम आणि एक वेळ लिहून दिली होती : रोज रात्री आठपर्यंत निरोप आला नाही, तर त्याने बचावपथकाला कळवायचे. तिसऱ्या दिवशी मी ठरलेल्या जागी सुखरूप पोहोचलो, तंबू लावला आणि पाहतो तर खोऱ्यात फोनला रेंज नव्हती. थंडीने बॅटरीही बारा टक्क्यांवर आली होती. फोन बनियनच्या आत, छातीशी धरून मी समोरची टेकडी चढू लागलो. माझ्यासाठी रात्री माणसे विनाकारण बाहेर पडतील, हा विचार त्या चढापेक्षा जड होता. माथ्यावर रेंजची एक रेघ दिसली आणि ‘ठीक आहे’ एवढाच निरोप गेला, तेव्हा आठला सात मिनिटे कमी होती. भावाने नंतर सांगितले की, तो साडेसातपासून फोन हातात घेऊन बसला होता.