९८ टक्के सल्फ्युरिक: टाकी बसवावी की कार्बोईच बरे?

रबाळे_एनोडायझर
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियम एनोडायझिंगचं (विजेने ऑक्साइडचा थर चढवण्याचं) जॉबवर्क करणारं युनिट आहे. हजार लिटरचे तीन बाथ (द्रावणाच्या टाक्या), लिटरला १८० ग्रॅम सल्फ्युरिकवर. ९८ टक्के सल्फ्युरिक ३५ लिटरच्या कार्बोईतून (प्लास्टिकच्या कॅनमधून) येतं, महिन्याला आठ-नऊ लागतात. आता मालकांना ५ हजार लिटरची टाकी घालून टँकरने माल घ्यायचा आहे. जागा शेडच्या मागे, उघड्यावर.
टाकी एमएसची (साध्या पोलादाची) घ्यावी की एचडीपीईची (जाड प्लास्टिकची)? पावसाळ्यात काय सांभाळायचं? नवा बाथ करताना तो इतका तापतो की पीव्हीसीचं अस्तर मऊ पडतं, त्याला काय करावं? आणि अंगावर उडालं तर आधी कोरड्या फडक्याने पुसायचं की थेट पाण्याखाली जायचं, यावर आमच्याकडे दोन तट आहेत.

टाकी_पाईप
आधी हिशेब करा. या अ‍ॅसिडची घनता १.८४. पाच हजार लिटर म्हणजे ९.२ टन. तुमचा खप महिन्याला साडेपाचशे किलोच्या आसपास, म्हणजे एकदा भरलेली टाकी सोळा-सतरा महिने पुरेल. शिवाय टँकर पूर्ण रिकामा होईल आणि वर मोकळी जागाही उरेल एवढी टाकी नसली, तर "अजून थोडं बसेल" म्हणत भरतात आणि ओव्हरफ्लो होतो तो तिथेच. माझं मत स्पष्ट आहे: या खपाला टाकी नको.

तरी मालक ऐकणार नसतील तर पुढचं वाचा.

एमएस चालतं, पण अ‍ॅसिड ९८ टक्के राहील तोवरच. आतल्या पृष्ठभागावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तोच पत्र्याला वाचवतो. अ‍ॅसिड पातळ झालं की थर विरघळतो, पत्रा खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो. हे अ‍ॅसिड हवेतली ओल शोषून घेतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलीला तोटा नाही. उघड्या व्हेंटमधून (हवेच्या वाटेतून) ती आत जाते, वरचा थर पातळ होतो आणि पातळीच्या रेषेवर टाकी गोलाकार खाल्ली जाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, म्हणून जाडी अल्ट्रासॉनिक मीटरनेच मोजायची. व्हेंटवर सिलिका जेलचा ब्रीदर (ओल शोषणारा फिल्टर) लावा आणि रंग बदलला की जेल बदला. तो चोंदला तर टाकीत निर्वात होऊन पत्रा आत ओढला जातो, हेही ध्यानात असू द्या.

पाईपमधला वेग कमी ठेवा, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत. जोरात वाहणारं अ‍ॅसिड एल्बोजवळ (पाईपच्या वळणाजवळ) तो सल्फेटचा थर धुऊन नेतं. गॅस्केट पीटीएफईचं (टेफ्लॉनचं), व्हॉल्व्ह पीटीएफई अस्तराचे किंवा अलॉय २० चे (गंजरोधक मिश्रधातूचे), प्रत्येक फ्लँजवर (पाईपच्या जोडावर) शिंतोडे अडवणारा स्प्रे गार्ड. पातळी बघायला काचेची किंवा प्लास्टिकची नळी अजिबात नको. ती फुटली की सगळी टाकी तिथूनच रिकामी होते.

हायड्रो टेस्ट (टाकी भरून घेतलेली चाचणी) पाण्यानेच होते, पण पाणी अ‍ॅसिडच्या निम्म्याहून थोडं जास्त वजनाचं. टेस्टला टाकी टिकली म्हणजे फाउंडेशनही टिकेल असं नाही. टेस्टनंतर तळाला डबकं राहू देऊ नका, पूर्ण सुकवा.

एचडीपीई घ्यायची तर १.८४ घनतेसाठी डिझाइन केलेलीच घ्या. छतावरच्या पाण्याच्या टाकीत सल्फ्युरिक भरणारे महाभाग आहेत. ती टाकी घनता १ धरून बनलेली असते आणि पहिली चीर आउटलेटच्या नोझलला पडते.

डाईक (गळती अडवणारा टाकीभोवतीचा बांध) टाकीच्या ११० टक्के क्षमतेचा, आतून अ‍ॅसिडप्रूफ विटांचा, आणि वर छप्पर हवंच. छप्पर नसेल तर जुलैत डाईकमध्ये गुडघाभर पाणी साचणार. त्यात गळती झाली की पाणी उकळून अ‍ॅसिडचे शिंतोडे उडतात. डाईकचा ड्रेन व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलपात. साचलेलं पाणी पीएच पेपरने तपासल्याशिवाय काढायचं नाही.

आणि टाकीवर वेल्डिंग, गॅस कटिंग, साधं ग्राइंडिंगसुद्धा नाही. रिकाम्या केलेल्या टाकीतही हायड्रोजन असतो, तो ठिणगीने पेटतो.

क्रोम_निकेल
टँकरच्या बाबतीत एक भर. फिलिंग पॉइंटला कुलूप, मोठी पाटी आणि इतर केमिकलपेक्षा वेगळ्या मापाचं कपलिंग हवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अ‍ॅचिसन इथे एका कारखान्यात सल्फ्युरिकचा टँकर चुकून सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) टाकीला जोडला गेला. दोन्ही कनेक्शन शेजारीशेजारी आणि दिसायला सारखी. क्लोरीनचा ढग गावावर गेला आणि १४० हून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. ईटीपीसाठी (सांडपाणी शुद्धीकरणासाठी) हायपो ठेवत असाल तर तो दुसऱ्या टोकाला ठेवा. शेजारच्या गाळ्यात सायनाइड प्लेटिंग चालत असेल तर दोन्हींचं सांडपाणी एका गटारात येता कामा नये. हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो.

बाथ_मेंटेनन्स
बाथ तापण्याबद्दल. हजार लिटरला १८० ग्रॅमने १८० किलो शुद्ध अ‍ॅसिड लागतं, म्हणजे ९८ टक्क्यांचं जवळपास १८४ किलो, मापाने १०० लिटर. हे एका दमात ओतलं तर बाथ साधारण ३० ते ३५ अंशांनी चढतो. मे महिन्यात नळाचं पाणीच ३० च्या पुढे असतं, म्हणजे बाथ ६० च्या वर गेला. पीव्हीसी मऊ पडणारच.

आधी ८५० लिटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी भरा. नळाचं घेतलं तर त्यातल्या क्लोराइडने पुढे जॉबवर (कामाच्या तुकड्यावर) पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे, येतं. चिलर आणि सर्क्युलेशन पंप चालू करा. अ‍ॅसिड चार हप्त्यांत, प्रत्येकी २५ लिटर, बारीक धारेने सोडा. दर हप्त्याला आठ-नऊ अंश वाढ होते. तापमान ३५ च्या खाली आलं की पुढचा हप्ता. सगळं थंड झाल्यावर पाण्याने हजारची खूण गाठा आणि टायट्रेशनने प्रमाण तपासा.

पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक वेगळीच होते. पाणी ढवळत नसेल तर जड अ‍ॅसिड तळाला जाऊन थर धरतं. वरून सगळं शांत दिसतं. मग कोणीतरी एअर अ‍ॅजिटेशनचा (हवेने ढवळण्याचा) व्हॉल्व्ह भस्सकन उघडतो, दोन्ही थर एकदम मिसळतात आणि बाथ उसळून काठाबाहेर येतो. म्हणून ढवळणं आधी सुरू, अ‍ॅसिड नंतर.

तुर्भे_स्टोअर्स
पुसायचं की पाणी, यावर माझं उत्तर: आधी कोरड्या कापडाने पुसा. तीव्र सल्फ्युरिकवर पाणी पडलं की उष्णता होते, जखम वाढते.

सेफ्टी_ठाणे
@तुर्भे_स्टोअर्स, उष्णता होते हे खरं, पण कापड शोधण्यात गेलेल्या वेळात कातडी खोलवर जळते आणि पुसताना अ‍ॅसिड पसरतं. मगभर पाणी ओतलं तर उष्णता जागीच राहील. शॉवरखाली मिनिटाला ७५ लिटर पाणी अ‍ॅसिड आणि उष्णता दोन्ही वाहून नेतं. तेव्हा लगेच शॉवर, आणि पाण्याखाली असतानाच कपडे, पट्टा, बूट उतरवायचे. लाजायचं नाही. शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, कापून काढायचा. निदान १५ मिनिटं पाणी. खायचा सोडा, चुना, मलम कातडीवर काही नको. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवत राहायचं, रुग्णालयाच्या वाटेवर गाडीतही थांबायचं नाही. रबाळ्याहून ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ आहे. निघताना फोन करा आणि एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची) प्रत सोबत न्या.

शॉवर दहा सेकंदांत पोचता येईल इतका जवळ, वाटेत दार किंवा पायरी नको. बसवताना आयएस १०५९२ हे भारतीय मानक बघा आणि हाताळणीसाठी आयएस ४२६२. शॉवरची लाइन गच्चीवरच्या काळ्या टाकीतून घेतली असेल तर मे महिन्याच्या दुपारी पाणी चटका देण्याइतकं गरम येतं आणि माणूस त्याखाली १५ मिनिटं उभा राहत नाही. पाणी ३८ अंशांच्या वर जाऊ नये. टाकी सावलीत घ्या, पाईपला इन्सुलेशन करा. दर आठवड्याला शॉवर चालवून गंजलेलं पाणी काढून टाका.

हातमोजे निओप्रीन किंवा ब्यूटाइलचे. निळे पातळ नायट्राइल ९८ टक्क्यांपुढे टिकत नाहीत. केमिकल गॉगल घालून त्यावर फेसशील्ड, नुसतं फेसशील्ड पुरत नाही. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचली तर ओघळ थेट बुटात जातो.

रबाळे_एनोडायझर
फार उपयोग झाला. टाकीचा विषय ९.२ टनांच्या आकड्यावरच संपला. आता कार्बोई रिकामे करण्याबद्दल सांगा. सध्या दोघं मिळून उचलून ओततात, तर कोणी कॉम्प्रेसरची हवा भरून काढा म्हणतं.

टाकी_पाईप
हवा मुळीच नको. कार्बोई दाब धरण्यासाठी बनलेला नसतो. फुगतो, फाटतो आणि समोर माणसाचं तोंड असतं. ३५ लिटर म्हणजे ६४ किलो, उचलून ओतणंही बंद करा. पीव्हीडीएफचा (अ‍ॅसिडला टिकणाऱ्या प्लास्टिकचा) हँड बॅरल पंप किंवा तिरका करायचा स्टँड घ्या. झाकण हळू सैल करून आधी आतला दाब जाऊ द्या. कार्बोई उन्हात ठेवू नका, एकावर एक रचू नका, खाली अ‍ॅसिड धरणारा ट्रे ठेवा.

सांडलं तर लाकडाचा भुसा, कॉटन वेस्ट, गोणपाट टाकू नका. सल्फ्युरिक त्यांना जाळून काळं करतं आणि धूर होतो. कोरड्या वाळूने बांध घाला, मग कडेकडेने सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा). एक किलो अ‍ॅसिडला साधारण १.१ किलो सोडा अ‍ॅश लागतो आणि फेस भरपूर येतो, म्हणून दारं उघडी ठेवा. पूर्ण कार्बोई फुटला तर ७० किलो सोडा लागेल. तेवढ्या पोती कोरड्या जागी, शेडच्या दाराजवळ ठेवा.

रिकामे कार्बोई एकतर सप्लायरला परत, नाहीतर अधिकृत रिसायकलरकडे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत दूषित रिकामी भांडी घातक कचराच धरली जातात. भंगारवाल्याला दिलेला कार्बोई पुढे कोणाच्या तरी घरी पिण्याचं पाणी भरायला जातो, म्हणून रिसायकलरकडे पाठवण्याआधीच त्याच्या बुडाला भोक पाडा.