मदत हवी आहे : पीटीए प्रवेश, अ‍ॅनाटॉमीचे जुने गुण आणि शुक्रवारची मुदत

मृण्मयी_क

नमस्कार. मला इथे अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजमधील फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, म्हणजे पीटीएच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे. माझे अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे दोन्ही विषय प्रॅक्टिकलसह पूर्ण झालेले आहेत आणि गुणही चांगले आहेत. तरीही हे विषय पाच वर्षांपेक्षा जुने असल्यामुळे धरता येणार नाहीत, असे प्रवेश विभागाने ईमेलने कळवले आहे. उन्हाळी सत्राची नोंदणी शुक्रवारी बंद होते. दोन्ही विषय पुन्हा करायचे म्हटले तर पैसे जातीलच, पण पीटीएची तुकडी वर्षातून एकदाच भरत असल्यामुळे कदाचित पूर्ण वर्ष हातचे जाईल. या नियमाविरुद्ध अपील कोणाकडे करायचे आणि तसे करून कोणाला यश आले आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. हा अभ्यासक्रम करावा की करू नये, याचा निर्णय झालेला आहे.

विदर्भकन्या

मृण्मयीताई, तुम्ही राज्य लिहिलेले नाही, व्हिसा लिहिलेला नाही आणि अ‍ॅनाटॉमी कुठे व कधी केले तेही लिहिलेले नाही. या तीन गोष्टी कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचे ठरेल. कॉलेजला कॅप्टीची, म्हणजे फिजिकल थेरपीच्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या आयोगाची मान्यता आहे का, तेही सांगा. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला परवाना परीक्षेची दारे बंद असतात.

जुना_डोंबिवलीकर

माझ्या पत्नीने आमच्या कौंटीच्या कॉलेजातून डायग्नॉस्टिक सोनोग्राफीचा अभ्यासक्रम केला आणि आज तिचे उत्तम चालले आहे. दोनच वर्षे द्यायची असतील, तर पीटीएपेक्षा सोनोग्राफीमध्ये पगार चांगला मिळतो आणि रुग्णांना उचलण्याचे कष्टही नसतात. माझे ऐका आणि तो पर्याय एकदा पाहून घ्या.

मृण्मयी_क

विदर्भकन्या, राज्य न्यू जर्सी आहे. मी मिडलसेक्स कौंटीत राहते आणि कॉलेज शेजारच्या कौंटीतील आहे. कॅप्टीची मान्यता आहे, ते मी आधीच तपासले. व्हिसा एच-४ आहे, म्हणजे यजमानांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला. अ‍ॅनाटॉमी मी महाराष्ट्रात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी करताना केले. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, २०१३ सालची आहे. जुना_डोंबिवलीकर, आभारी आहे, परंतु मला सोनोग्राफी करायची नाही.

पाऊलवाट

तुम्ही बीपीटी आहात, ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती, कारण त्यामुळे सगळे चित्र बदलते. साडेचार वर्षांची फिजिओथेरपीची पदवी हाती असताना सहायकाचा अभ्यासक्रम करणे मला अजिबात पटत नाही. मी स्वतः मुंबईहून बीपीटी करून इथे आलो आणि पदवीचे मूल्यमापन करून घेऊन पीटीचा, म्हणजे फिजिकल थेरपिस्टचा परवाना मिळवला. एफसीसीपीटीकडे, म्हणजे परदेशी फिजिओथेरपी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडे गुणपत्रिका पाठवा. सामान्य शिक्षणाचे क्रेडिट कमी पडले, तर त्यांतील काही क्लेपच्या, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षा देऊन भरून काढता येतात. फिजिकल थेरपिस्टचा समावेश श्रम खात्याच्या शेड्यूल ए यादीत असल्यामुळे ग्रीन कार्डासाठी लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे त्या कामाला इथला माणूस मिळत नसल्याचे सिद्ध करण्याची पायरी टळते. पीटीएला ती सवलत नाही, आणि पदवी दोन वर्षांची असल्यामुळे त्या कामावर एच-१बी मिळण्याचीही आशा धरू नये. दोन वर्षे आणि इतके श्रम खर्च करून तुम्ही स्वतःला एक पायरी खाली उतरवत आहात.

रोजची_कसरत

पाऊलवाट यांच्या माहितीला माझा आक्षेप नाही, ‘एक पायरी खाली’ या शब्दांना मात्र आहे. मी पीटीए आहे आणि एका स्किल्ड नर्सिंग केंद्रात काम करते. रुग्णाची पहिली तपासणी, निदान आणि उपचारांची योजना हे पीटीचे काम आहे, आणि ती योजना मला माझ्या अधिकारात बदलता येत नाही. पण त्या योजनेनुसार रोज रुग्णाला उभे करणे, चालवणे, त्याचा तोल आणि दम पाहून त्या दिवशीचा व्यायाम कमी-जास्त करणे आणि काही बिघडते आहे असे दिसताच पीटीला कळवणे हे माझे काम आहे. पक्षाघातानंतर पलंगाच्या कडेला बसायलाही घाबरणाऱ्या माणसाबरोबर रोजचा वेळ आम्ही घालवतो. ते काम कमी प्रतीचे आहे असे मला कधीही वाटलेले नाही.

मृण्मयी, आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. पाच वर्षांची अट कॅप्टीची नाही, ती त्या कॉलेजची स्वतःची आहे. काही कॉलेजांत हीच अट सात किंवा दहा वर्षांची असते. म्हणून प्रवेश विभागाशी वाद घालू नकोस, थेट पीटीए अभ्यासक्रमाच्या संचालकांना लिही. पत्राबरोबर अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा तपशीलवार अभ्यासक्रम, थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास आणि तू रुग्णसेवा केली असशील तर तिचा दाखला जोड. प्रवेश विभाग फक्त साल पाहतो, संचालक बाई किंवा बुवा मजकूर वाचतात.

पाऊलवाट

कामाच्या प्रतिष्ठेविषयी मी बोललो नव्हतो, तरीही माझ्या शब्दांनी दुखावले असेल तर ते शब्द मागे घेतो. मुद्दा नोकरीच्या भविष्याचा आहे. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे बाह्यरुग्ण सेवांच्या भागात, पीटीएने दिलेल्या सेवेचे पैसे २०२२ पासून नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच मिळतात. ज्या दवाखान्याचे उत्पन्न त्या रुग्णांवर अवलंबून आहे, तो दवाखाना असिस्टंट घेताना दोनदा विचार करणारच.

रोजची_कसरत

ही कपात पार्ट बी च्या सेवांपुरती आहे, प्रत्येक विमा कंपनीने ती उचललेली नाही. आमच्यासारख्या केंद्रांना खरा धक्का ऑक्टोबर २०१९ मध्ये बसला. मेडिकेअरने थेरपीच्या मिनिटांवर पैसे देणे थांबवून नवी पद्धत आणली आणि त्या वेळी पीटी व पीटीए या दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. त्यामुळे फक्त सहायकच असुरक्षित आहेत, हे चित्र अर्धवट आहे.

विदर्भकन्या

दोघांनाही विनंती आहे की शुक्रवार जवळ आला आहे हे लक्षात असू द्यावे. मृण्मयीताई, तुम्ही एफसीसीपीटीचे मूल्यमापन करून पाहिले आहे का? तुमच्याकडे ईएडी, म्हणजे नोकरी करण्याचा परवाना आहे का? एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, तो भाग सोपा आहे. पण दुसऱ्या वर्षी क्लिनिकलसाठी रुग्णालयात पाठवताना पार्श्वभूमीची तपासणी होते आणि तिथे बहुतेक वेळा सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. ईएडी नसताना एच-४ वरील व्यक्तीला तो सहसा मिळत नाही. तुमच्या यजमानांचे आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेले असेल, तर २०१५ पासूनच्या नियमानुसार तुम्हाला ईएडीसाठी अर्ज करता येतो, आणि त्याच आय-७६५ अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाची मागणीही नोंदवता येते. प्रवेशाच्या धांदलीत हे मागे राहिले, तर क्लिनिकलच्या तोंडावर फार अडचण होईल.

गोदाकाठ

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या आईची गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे आणि ती नाशिकला आहे. गुडघा पूर्ण वाकत नाही. इथे जाणकार आहेत, तर घरी करण्याजोगे व्यायाम कोणी सांगू शकेल का?

रोजची_कसरत

गोदाकाठ, काळजी वाटणे साहजिक आहे, पण आईंना न पाहता मी व्यायाम सांगणे योग्य होणार नाही. गुडघा किती अंशांत वाकतो आणि सरळ होतो, सूज किती आहे आणि शल्यचिकित्सकांनी कोणती बंधने घातली आहेत, हे तिथल्या फिजिओथेरपिस्टने मोजून आणि पाहून ठरवायचे असते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे गुडघा वाकवण्याच्या दृष्टीने फार मोलाचे असतात, म्हणून थांबू नका, जवळचा फिजिओथेरपिस्ट लगेच गाठा. आणि ज्यांना पीटीएची मर्यादा नेमकी कुठे आहे असा प्रश्न पडला असेल, त्यांना याच उत्तरात ती दिसेल.

मृण्मयी_क

विदर्भकन्या, यजमानांचे आय-१४० मंजूर झाले आहे, पण ईएडीचा अर्ज अजून केलेला नाही. क्रमांकाचे हे कोणीच सांगितले नव्हते. या आठवड्यातच अर्ज करते.

पाऊलवाट, एफसीसीपीटीचे मूल्यमापन मी केले आहे. कमतरता फक्त सामान्य शिक्षणात नाही, व्यावसायिक विषयांतही दाखवली आहे आणि ती क्लेपने भरून निघण्यासारखी नाही. डीपीटी, म्हणजे इथली फिजिकल थेरपीची डॉक्टरेट पदवी करायची म्हणजे साधारण तीन वर्षे पूर्ण वेळ आणि कम्युनिटी कॉलेजच्या अनेक पट शुल्क. माझी मुलगी अजून लहान आहे. मला पुन्हा रुग्णांबरोबर काम सुरू करायचे आहे आणि ते लवकर सुरू करायचे आहे. हा विचार मी घाईने केलेला नाही.

पाऊलवाट

व्यावसायिक विषयांतली कमतरता असेल तर माझा मार्ग खरोखरच लांबचा आहे, हे मान्य करतो. तरी दोन गोष्टी सुचवतो. परदेशी फिजिओथेरपिस्टला पीटीए म्हणून परवाना परीक्षेला बसू देण्याची तरतूद काही राज्यांत आहे. न्यू जर्सीच्या फिजिकल थेरपी मंडळाला लेखी प्रश्न विचारून उत्तर मिळवा, कारण होकार आला तर दोन वर्षे वाचतील. दुसरे असे की पीटीएचे क्रेडिट डीपीटीमध्ये सहसा धरत नाहीत. ओहायोतील फिंडले विद्यापीठासारखे पीटीएंसाठीचे ब्रिज अभ्यासक्रम अगदी मोजके आहेत. पुढे कधी डीपीटीचा विचार आला, तर हे आधीच माहीत असलेले बरे.

सह्याद्री_वाटाड्या

शुल्काबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. न्यू जर्सीत दुसऱ्या कौंटीच्या कॉलेजात गेल्यास शुल्क जास्त पडते, पण तुमच्या कौंटीच्या कॉलेजात तो अभ्यासक्रम नसेल, तर चार्जबॅकची सोय आहे. आपल्या कौंटीच्या कॉलेजकडून प्रवेश देता येत नसल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि कौंटीकडे अर्ज करायचा. मंजूर झाल्यास शुल्कातील फरक कौंटी भरते. एच-४ धारकांचा रहिवास कसा धरतात, ते मात्र कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या.

शुक्रवारचे म्हणाल, तर माझ्या मते अपील आणि नोंदणी यांतून एकाची निवड करण्याची गरजच नाही. आज अ‍ॅनाटॉमीसाठी नाव नोंदवा. सत्र सुरू होण्यापूर्वी नाव काढल्यास पूर्ण परतावा मिळतो का आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते कॉलेजच्या दिनदर्शिकेत पाहा. संचालकांचे उत्तर अनुकूल आले तर नाव काढा. प्रतिकूल आले, तर उन्हाळ्याच्या पहिल्या अर्ध्या सत्रात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा भाग एक आणि दुसऱ्यात भाग दोन करता येतो का, हे त्यांनाच विचारा. तसे जमले तर वर्ष वाया जाणार नाही.

रोजची_कसरत

हे अगदी योग्य आहे. मृण्मयी, पहिल्या सत्रापासून लॅबमध्ये विद्यार्थी एकमेकांवरच सराव करतात आणि स्नायू व हाडांचे उंचवटे बोटांनी शोधता यावेत म्हणून शॉर्ट्स आणि पाठ उघडी राहील असा पोशाख घालावा लागतो, याची मनाची तयारी ठेव. प्रात्यक्षिक परीक्षेत पलंगावरून व्हीलचेअरमध्ये रुग्णाला नेताना चाकांचे ब्रेक लावायचे राहिले, तर बाकी सर्व बिनचूक केले तरी नापास करतात. भारतात शिकलेल्या हातांना ही शिस्त नवी नसते, पण प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून दाखवण्याची सवय मात्र लावावी लागते. परवान्याची परीक्षा वर्षातून चार वेळा असते, २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ६०० गुण लागतात. मुलगी लहान आहे म्हणतेस, तर क्लिनिकलचे आठवडे पूर्ण वेळेचे असतात, त्यासाठी तिची सोय आत्तापासून बघून ठेव.

मृण्मयी_क

अ‍ॅनाटॉमीसाठी नाव नोंदवले आहे, सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण परतावा मिळतो. मंडळालाही ईमेल पाठवला. संचालकांनी उत्तर दिले असून त्यांना विषयांचा अभ्यासक्रम आणि प्रॅक्टिकलचे तास कॉलेजच्या शिक्क्यानिशी हवे आहेत. माझ्याकडे फक्त गुणपत्रिका आहेत. तासांचे असे पत्र आपले कॉलेज देते की त्यासाठी विद्यापीठाकडेच अर्ज करावा लागतो, हे कोणाला ठाऊक आहे का?

पाऊलवाट

मला ते माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या कार्यालयातून मिळाले होते. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेल्या अभ्यासक्रमाची प्रत मागा, आत्ताची नको, कारण तासांची विभागणी बदललेली असू शकते. अर्ज ईमेलने करा आणि त्याच दिवशी तिथे राहणाऱ्या कोणा नातेवाइकाला छापील प्रत घेऊन कार्यालयात पाठवा. नुसत्या ईमेलवर विसंबलात, तर उत्तर सत्र सुरू झाल्यावर येईल.