पहिलं हत्यार: .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

द्राक्षमळा
निफाड तालुक्यात मळ्यातच घर, शेजार लांब. परवान्याचा अर्ज करतोय. एकच हत्यार घ्यायचंय, नेमबाजीचा सरावही व्हावा आणि वेळेला घरातही उपयोगी पडावं. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? ९ एमएम मिळेल का? आजवर एकही बार काढलेला नाही.

दस्तुरी
९ एमएम विसरा, ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं हे माप सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. तुमच्यासाठी .३२ किंवा .२२ (ही मापं इंचात).

ग्रामीण भाग म्हणजे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, फॉर्म ए-१. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म एस-१. 'मळा लांब आहे' एवढ्यावर भागत नाही. धोका नेमका कशाचा ते लिहा, पोलिसांत तक्रार दिली असेल तर प्रत जोडा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं आणि हत्यारं जास्तीत जास्त २. म्हणजे 'एकच' हा हट्ट कायद्याचा नाही, तुमचा आहे.

रेंजवरची
आणि तो हट्ट सोडाच. आखूड नळीच्या .३२ वर नेमबाजी शिकणं म्हणजे शिक्षा. साधा हिशेब बघा: पुढच्या-मागच्या साइटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) १० सेंटीमीटर अंतर असेल आणि फ्रंट साइट १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर बाजूला. मॅचच्या एअर पिस्तुलात हेच अंतर ३० सेंटीमीटरच्या आसपास असतं, म्हणून तीच चूक ३ सेंटीमीटरवर येते.

सुरुवात .१७७ एअर पिस्तुलावर करा. २० ज्यूलच्या आतलं असेल तर परवाना लागत नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. उजव्या हाताचे छर्रे सारखे खाली-डावीकडे पडत असतील तर साइटचे स्क्रू फिरवत बसू नका. ट्रिगर हिसकला जातोय.

चकरी
घरासाठी नवख्याला रिव्हॉल्व्हर. काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. पिस्तुलात मनगट ढिलं पडलं की स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी तोंडाशी उभी अडकते. घाबरलेल्या माणसाचं मनगट ढिलंच असतं.

मात्र डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा चढवून चकरी (काडतुसांचा फिरता भाग) फिरवणारा ट्रिगर चांगलाच जड. घेण्याआधी दुकानात, विचारून, रिकाम्या चकरीवर एका बोटाने दहा वेळा ओढून बघा. हलकं ते चांगलं असंही नाही: कानपूरचं 'निर्भीक' साधारण ५०० ग्रॅमचं, बाळगायला सोपं, पण वजन कमी तितका हाताला झटका जास्त. दुसऱ्या हाताचा अंगठा चकरी आणि नळी यांच्या फटीशी कधीही नको, तिथून तापलेला गॅस आणि शिशाचे कण बाहेर येतात.

काडतूस मागताना नुसतं '.३२ द्या' म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला ठसठशीत कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, ७.६५ × १७ मिलिमीटर. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

द्राक्षमळा
रिकाम्या हत्याराचा ट्रिगर ओढून घरी सराव चालतो का? घरात मुलं आहेत.

रेंजवरची
.२२ वर नको. ते रिमफायर, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आदळते; आत काडतूस नसेल तर ती चेंबरच्या (काडतूस बसायच्या जागेच्या) कडेवर आपटते. .३२ मध्ये डमी काडतूस घालून चालतं.

पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. क्रम उलटा झाला की मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते, आणि 'रिकाम्या' पिस्तुलाचे बार बहुतेक असेच उडतात. सरावाच्या वेळी खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

मुलं आहेत तर भिंतीला बोल्ट मारलेली छोटी तिजोरी घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. कपाटात साड्यांखाली ठेवलेलं मुलांना सगळ्यात आधी सापडतं.

दस्तुरी
खऱ्या काडतुसांचा सराव रेंजवरच, मळ्यात डबे मांडून नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगितलं तर पोलीस ठाण्याची पावती जपून ठेवा.

बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. अर्जाआधी ती कलमं वाचून काढा. द्राक्षं तोडून पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी त्यात बसत नाही.