जुन्या ट्विनचा क्रॉसओव्हर पाईप: ठेवायचा की काढून टाकायचा?

टॅपेट
जुनी दोन सिलिंडरची फोर स्ट्रोक गाडी रिस्टोर करायला घेतली की पहिला बळी जातो तो क्रॉसओव्हरचा, म्हणजे दोन्ही बेंडपाईपना (हेडमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या एक्झॉस्टच्या वाकड्या पाईपना) जोडणाऱ्या आडव्या पाईपचा. गंजलाय, जाम झालाय, कापा आणि तोंडं वेल्ड करून बुजवा. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. ट्रायम्फ बॉनव्हिलला १९६९ च्या मॉडेलपासून हेडच्या जवळच हा पाईप आला, त्याच सुमाराच्या बीएमडब्ल्यू आर७५/५ ला पण आहे, आणि तो दिसायला छान म्हणून लावलेला नाही. या इंजिनात क्रँकच्या दर ३६० डिग्रीला एक सिलिंडर फायर होतो, म्हणजे एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो तेव्हा दुसऱ्याचा बंद असतो आणि त्या बाजूचा सायलेन्सर नुसता रिकामा बसलेला असतो. क्रॉसओव्हरमुळे प्रत्येक धक्क्याला दोन्ही सायलेन्सर मिळतात, बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या गॅसला होणारा अडथळा) कमी होतं, आवाज मऊ होतो आणि मधल्या आरपीएमला गाडी जास्त मोकळी ओढते. कंपनीने जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटची मापं, हे सगळं धरूनच केलंय, मग पाईप काढून जेट तेच ठेवायचे याला काय अर्थ आहे?

मोकळा_बेंड
असहमत. थिअरी बरोबर आहे पण पन्नास वर्षांनी ती गाडीत उरते का ते बघा ना. क्रॉसओव्हर म्हणजे दोन जास्तीचे जॉइंट, आणि जॉइंट म्हटला की लीक आलाच. पाईपमध्ये प्रेशर सारखं वरखाली होत असतं, ते खाली गेलं की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडला की फटफट सुरू. लोक मग कार्ब्युरेटर उघडत बसतात, दोष कार्बचा नसतोच. सुट्टीच्या दिवशी आरामात फिरवायच्या गाडीला दोन वेगळे पाईप पुरतात, फरक कळत पण नाही.

टॅपेट
@मोकळा_बेंड लीक हा जॉइंटचा दोष आहे हो, पाईपचा नाही. स्टब (बेंडपाईपवरचं क्रॉसओव्हर बसतो ते आखूड तोंड) घासून स्वच्छ करा, नवीन क्लँप टाका, आत जॉइंट जाम होऊ न देणारी कॉपरची अँटीसीझ पेस्ट लावा. आणि बसवताना सगळं आधी ढिलं ठेवायचं, हेड, क्रॉसओव्हर, सायलेन्सर, ब्रॅकेट सगळं नीट लाईनीत बसलं की मगच हेडकडून मागे घट्ट करत जायचं. बहुतेक जण एक बाजू पूर्ण आवळतात आणि मग दुसरी ओढून ताणून बसवतात, तिथेच फट राहते आणि पुढे चीरही तिथूनच जाते.

क्रँक१८०
दोघेही सगळ्या ट्विन एकाच मापाने मोजताय. जुन्या दोन सिलिंडरच्या होंडा सीबी३५० किंवा सीबी४५० चा क्रँक १८० डिग्रीचा आहे, म्हणजे एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, त्यात दोन फायर १८० डिग्रीवर लागोपाठ आणि मग ५४० डिग्री शांतता. तिथे एकाचा धक्का दुसऱ्याचं एक्झॉस्ट चालू असतानाच पोचतो, त्यामुळे क्रॉसओव्हर कुठे आहे आणि किती जाड आहे याने बराच फरक पडतो. तेव्हा कंपनीने दिलाय तर तिथेच ठेवा, आणि दिलेला नसेल तर हौसेने लावू नका. टू स्ट्रोक ट्विनला तर अजिबात नको, तिथे एक्स्पान्शन चेंबरमधून (एक्झॉस्टच्या फुगीर भागातून) परत येणाऱ्या प्रेशरच्या लाटेवरच सगळी ताकद अवलंबून असते, मध्ये भोक पाडलं की ती लाट भरकटते.

मोकळा_बेंड
हे १८० वालं पटलं. पण गंजाचं काय? १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं, इंजिन थंड असताना ते पाईपातच थबकतं, आणि क्रॉसओव्हर हा सगळ्यात खालच्या भागात असेल तर तिथेच साचतं. बाहेरून क्रोम चकाचक आणि आतून चाळण. असा पाईप मिळवायचा कुठून? अचूक मापाचा नवा मिळाला नाही तर वाकडातिकडा बसवण्यापेक्षा बुजवलेला बरा, हे मी अजूनही म्हणेन.

टॅपेट
हे मान्य, सडलेला पाईप नाइलाजाने बुजवावा लागला तर बुजवा. पण मग दोन्ही स्पार्क प्लगचे रंग बघून जेटिंग पुन्हा तपासा, ते न करता गाडी रस्त्यावर काढू नका. जाम झालेला मात्र सडलेला समजू नका. पेनेट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू द्या, ते पुसून मग गरम करा, आणि हातोडा न घालता हळूहळू दोन्हीकडे फिरवत सोडवा. पिळून उपटला तर बेंडपाईपचा स्टबच फाटतो, आणि मग दोन्ही बाजू गेल्या.

वाचक_गॅरेजवाला
एक राहिलं. क्रॉसओव्हर असलेल्या गाडीत कोणता सिलिंडर मार खातोय हे सायलेन्सरच्या गरमपणावरून ठरवू नका, गॅस दोन्हीकडून जातो. गाडी थंड असताना स्टार्ट करा आणि हेडजवळचा पाईप किती लवकर तापतोय ते बघा. आणि आयडलला एका सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा, क्रॉसओव्हर मोकळा असेल तर दुसऱ्याकडून जोर वाढतो आणि गाडी चालू राहते. दाबलेल्या बाजूचा सिलिंडर गुदमरला तर क्रॉसओव्हरच्या आत कार्बन साचलाय, आधी तो साफ करा आणि मग काढायचा की ठेवायचा हे भांडण घाला.