मदत हवी आहे: बंदर, रस्ते आणि प्रादेशिक विषमता

नमस्कार मंडळी. परदेशी व्यापार वाढला की देशातल्या प्रदेशांमधली दरी रुंदावते की बुजते, आणि त्यात बंदर-रस्त्यांसारख्या वाहतुकीच्या सोयींचा वाटा किती, यावर प्रबंध लिहितोय आणि एका ठिकाणी घोडं अडलंय.

मेक्सिकोत १९९४ च्या नाफ्टा (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार) करारानंतर अमेरिकेच्या सीमेलगतची राज्यं पुढे गेली, दक्षिणेतली चियापास, ओआहाका मागेच राहिली. चीनने १९८० पासून खुली केलेली शेन्झेन, शियामेनसारखी क्षेत्रंही किनाऱ्यावरचीच. इथवर ठीक. पण रस्ते-रेल्वे मुळात जिथे माल आहे तिथेच आधी होतात, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? शिवाय महामार्ग दुतर्फा चालतो: मागास भागातला माल बाहेर जातो, तसा बाहेरचा स्वस्त माल आत येऊन तिथले छोटे कारखाने बंदही पाडतो.

विषमता मोजायला थील निर्देशांक हे माप घेतलंय. प्रदेशांमधली आणि प्रदेशांतर्गत विषमता त्यात वेगळी करता येते. वाहतुकीच्या सोयीसाठी काय घ्यावं, बंदरापर्यंतचा वेळ की मालवाहतुकीचा खर्च? नुसते किलोमीटर मला कुचकामीच वाटतात, घाटातले शंभर आणि सपाटीवरचे शंभर सारखे कसे? आणि जुन्या रेल्वेमार्गांचे नकाशे इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणून (म्हणजे कारण आणि परिणाम वेगळे करायला आधार घेतात तो बाहेरचा घटक) चालतील का? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.