अशी कोणती वाईन, जिने तुमचं मत बदललं?

वाईनचा विषय निघाला की लोक एकतर गप्प बसतात नाहीतर एकदम तज्ज्ञ होतात. मला दोन्ही नकोय. साधं सांगा, कोणती प्यायलात, पहिल्या घोटाला काय वाटलं आणि नंतर ते मत कधी बदललं का. फसलेले किस्से असतील तर आधी ते टाका, तेच वाचायला मजा येते.

माझ्यापासून सुरू करते. माझी समजूत अशी की द्राक्षाची म्हणजे गोड असणार, ज्यूसची मोठी बहीण. आणि पहिलाच घोट काबर्ने सोव्हिन्यॉं या रेड वाईनचा. गालाच्या आतून कोणीतरी खरखरीत टॉवेल फिरवल्यासारखं झालं, जीभ टाळूला चिकटली, उकळून उकळून काळा केलेला बिनदुधाचा चहा प्यायल्यावर होतं ना तसं. चेहरा न पाडता गिळली आणि "छान आहे" म्हणाले. पुढे कळलं की हे टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून येतं. रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून रंग आणि हा प्रकार दोन्ही एकदमच उतरतात, व्हाईटला रस आधीच पिळून वेगळा काढतात म्हणून तिथे फारसं नसतं. आपल्याकडे तुरट असा नेमका शब्द आहे यासाठी, बाटलीच्या मागे मात्र "मखमली" वगैरे काहीबाही लिहिलेलं असतं.

आणि ती वाईन कोमट होती हे तर खूप नंतर लक्षात आलं. रेड खोलीच्या तापमानाला प्यायची असं वाचून ठेवलेलं, पण ती खोली म्हणजे जुन्या काळची दगडी थंड खोली, १६ ते १८ अंशांची. माझी खोली ३० ची. तेवढ्या गरम वाईनमध्ये नाकात फक्त अल्कोहोल जातं. आता रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते आणि कोणी नाक मुरडलं तर मुरडू देते.

*

मी रीसलिंग म्हणेन, व्हाईट वाईन. जर्मनीतल्या मोझेल भागातली, चांगली मुरलेली बाटली होती. ग्लास नाकाजवळ नेला तर पेट्रोल!! म्हणजे अक्षरशः गाडीत भरतात ते. मला वाटलं बाटलीत काहीतरी भेसळ झाली, ग्लास धुवून आणला, दुसऱ्यांदा ओतली, परत तेच. ज्यांनी आणली होती ते हसत होते. रीसलिंग जुनी होत जाते तसा हा वास येतो आणि तो दोष नाही, द्राक्षांना ऊन जास्त लागलं असेल तर अजून ठळक. तिसऱ्या घोटाला त्या वासामागचं लिंबू, हिरवं सफरचंद, थोडी गोडी आणि शेवटी लांबलचक आंबटपणा, असं सगळं एकेक करत सापडलं. आता पेट्रोल आलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

त्या लेबलांचा मात्र वैताग आहे. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ. मी हे गोडीचे आकडे समजत होतो, ते खरं तर द्राक्ष तोडताना त्यात साखर किती होती त्याची पायरी आहे, वाईन किती गोड ते वेगळंच. गोड नको असेल तर लेबलवर "ट्रोकन" शोधा, बाकी सोडून द्या.

*

ग्रीसची रेट्सिना. पाइनच्या झाडाचा डिंक घातलेला असतो. फर्निचरला पॉलिश केल्यावर घरात येतो तो वास. दोनदा प्रयत्न केला, मत बदललेलं नाही.

*

शॅम्पेन. आणि किस्सा फसलेलाच आहे. हलवून, अंगठ्याने बूच ढकलून उडवलं, सिनेमात बघितलं तसं. बूच दिव्याला लागलं, अर्धी बाटली भिंतीवर गेली, उरलेली सगळी फेस. बाटलीच्या आत ५-६ वातावरणांचा दाब असतो हे माहीत असतं तर हात लावायची हिंमत झाली नसती, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त.

आता कसं उघडतो ते सांगतो कारण हे कोणी शिकवत नाही. बाटली आधी मजबूत गार करायची, गरम असली की उसळणारच. वरचा कागद काढायचा, तारेची कडी सहा अर्धे वेढे फिरवून सैल करायची पण तार काढायची नाही आणि बुचावरचा अंगठा एक क्षणही उचलायचा नाही. बाटली तिरकी धरायची. मग बूच घट्ट पकडून खालून बाटली फिरवायची, बूच नाही, बाटली. बूच आपणहून वर यायला लागतं तेव्हा त्याला उलट दाबून धरायचं. नीट जमलं तर "फट्" नाही, "फुस्स" येतो, कोणीतरी हळूच सुस्कारा टाकल्यासारखा. मला त्या आवाजाचंच व्यसन लागलंय.

चवीबद्दल बोलायचं राहिलं की. मला फक्त बुडबुडे आवडतील असं वाटलेलं पण वास आला ताज्या भाजलेल्या पावाचा. बुडबुडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून आणतात आणि नंतर मेलेल्या यीस्टच्या गाळावर ती तशीच महिनोन्महिने पडून असते, साधी शॅम्पेनसुद्धा किमान १५ महिने बाटलीत ठेवल्याशिवाय विकता येत नाही. तो पावाचा वास त्या गाळाचा. मेलेल्या यीस्टचा म्हटल्यावर बायकोने ग्लास खाली ठेवला होता, नंतर उचलला.

*

+१, तो फुस्स खरंच भारी असतो.

*

माझा अनुभव दुःखी आहे. एक बाटली ३ वर्षं जपली, आडवी, अंधारात, हलवायची नाही, मुलांना त्या कपाटाकडे फिरकायची बंदी. उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास, पावसात भिजलेला खोका माळ्यावर पडून राहिल्यावर येतो तो. पाहुणे समोर. मी म्हणाले "थोडी हवा लागू दे, वास खुलेल". एक तास हवा लावली, वास वाढला. पाहुणेही बिचारे "मातीसारखा छान सुगंध" वगैरे म्हणत पीत होते आणि मी पण पीत होते, कोणीच कोणाला खरं सांगेना.

नंतर कळलं की ही बुचाची बाधा, टीसीए नावाचं रसायन बुचातून उतरतं, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. अपाय काही नाही पण फळाचा वास पूर्ण मारून टाकतं. हवा लावून जात नाही. माझं जपणं कुठेच चुकलं नव्हतं, ते बूच पहिल्या दिवसापासून तसंच होतं. तेव्हापासून फिरकीच्या झाकणाला नावं ठेवणं बंद केलंय. हॉटेलात बाटली उघडून आधी घोटभर ओततात ना, ते आवडली की नाही विचारायला नसतं, हा वास येतोय का ते बघायला असतं. मी आधी दर वेळी मान डोलवून "मस्त" म्हणायचे, हुंगायचेच नाही.

*

शिराझ या रेड वाईनमध्ये काळी मिरी लागते असं सगळे म्हणायचे आणि मला कधीच लागली नाही, म्हटलं हे आपलं उगाच. एकदा नवऱ्याने तोच ग्लास हुंगून "अगं ताजी कुटलेली आहे, कशी कळत नाही तुला" म्हणून वाद घातला. मग वाचलं, मिरीत जो वासाचा रेणू असतो, रोटंडोन, तोच शिराझमध्ये असतो, आणि साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही. मी त्या पाचातली एक. भांडण मिटलं पण खरं सांगू का, थोडं वाईट वाटलं. आता तो सांगतो आणि मी विश्वास ठेवते.

*

ज्यांना "मला तर कसलेच वास येत नाहीत, सगळी वाईन सारखीच" असं वाटतं त्यांनी गेवुर्त्सट्रामिनर या व्हाईट वाईनपासून सुरुवात करा. नाव म्हणायचा प्रयत्न पहिल्या ग्लासाआधी करा, नंतर जमत नाही. लिची आणि गुलाब, बस, शोधावं लागत नाही, ग्लास टेबलावर असतानाच येतो. लिचीला ज्याचा वास असतो तेच रसायन यात असतं त्यामुळे भास नाही, खरंच आहे.

*

विरोधी सूर लावतो. ४ वर्षं प्रामाणिकपणे प्रयत्न केला, मला वाईन आवडत नाही. रेडने डोकं दुखतं, सल्फाइटमुळे असणार. बाकी चालू द्या.

*

नसेल आवडत तर नसेल, जबरदस्ती थोडीच आहे. पण सल्फाइटवर ढकलू नका हो. युरोपात रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि व्हाईटला २००, म्हणजे त्यामुळे दुखत असतं तर व्हाईटने जास्त दुखायला हवं. सुकवलेल्या जर्दाळूंत तर वाईनपेक्षा कितीतरी जास्त असतं, ते खाऊन दुखतं का बघा. मला स्वतःला दुखायचं ते पाण्याचा ग्लास शेजारी न ठेवल्याने.

*

माझं मत बदललं ते जॉर्जियाच्या वाईनने (अमेरिकेतलं नाही, कॉकेशसमधलं). व्हाईट म्हणून ओतली आणि रंग चहाचा. तिथे द्राक्षं सालीबियांसकट जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात घालतात, क्वेव्ह्री म्हणतात त्याला, आणि महिनोन्महिने तशीच ठेवतात. ८,००० वर्षांपूर्वीचे वाईनचे अंश त्या भागातल्या मडक्यांत सापडलेत, आणि ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पण हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की डोळे व्हाईट सांगतायत आणि हिरड्या रेड सांगतायत. सुकलेला जर्दाळू, अक्रोडाची साल, आणि पहिल्या पोस्टमधला तो खरखरीत टॉवेल, तोही हजर. पहिला ग्लास कळलाच नाही. दुसरा कळला. तिसऱ्याबद्दल काही आठवत नाही.

*

पोर्टवाले कोणीच नाही? बरं, मी. पोर्ट गोड का असते तर आंबणं अर्ध्यात असताना द्राक्षाची स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, साखर तशीच उरते, म्हणून गोडही आणि २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलही. वाईनसारखा मोठा ग्लास भरून घेतला होता मी. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो.

त्यावरून धडा घेऊन फिनो शेरी (स्पेनची वाईन) आणली ती थोडी थोडी प्यायलो, वर्षभर टिकेल असं समजून दोन महिने पुरवली. शेवटचे ग्लास म्हणजे शिळं सफरचंद. ती पिंपात यीस्टच्या सायीखाली जपलेली असते, बाटली उघडली की ते कवच गेलं, थोड्या दिवसांत संपवायची असते. मडेरा वाईनचं मात्र उलट, ती बनवतानाच तापवतात, पूर्वी जहाजातून उष्ण प्रदेश ओलांडताना पिंपं तापायची त्यावरून शोध लागला. तिचं जे काय वाटोळं व्हायचं ते आधीच झालेलं असतं, उघडी बाटली विसरून जा, महिन्यांनी या, तशीच. विसरभोळ्यांची वाईन.

*

"मला मर्लो (एक रेड वाईन) आवडत नाही" असं मी १० वर्षं सांगत फिरले. का, ते विचारू नका, कोणीतरी म्हणालं होतं. मग घरी आम्ही पाच जणांनी पाच बाटल्यांवर काळे मोजे चढवले (धुतलेले!) आणि नंबर टाकून प्यायलो. मी पहिला नंबर दिला तो मर्लोला. शिवाय "ही नक्की मर्लो, बघा किती सपाट" म्हणून जी शेवटी टाकली ती चिलीची कार्मेनेर निघाली. थोडा आधार मिळाला तो एवढाच की चिलीतल्या बागाईतदारांनीसुद्धा कार्मेनेरच्या वेली कित्येक वर्षं मर्लो म्हणूनच वाढवल्या होत्या, १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने वेली बघून सांगितलं तेव्हा कळलं.

मोज्यांचा खेळ जरूर खेळा. १९७६ मध्ये पॅरिसला अशाच झाकलेल्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी रेड आणि व्हाईट दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या वाईनला दिला होता, तर आपली काय कथा. आणि बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी ती वर्णन करायला रेडचे शब्द वापरले. वाईनचंच शिक्षण घेणारी मुलं होती ती.

*

बारोलो, इटलीची रेड. रंग बघून फसलो, फिक्कट विटकरी, म्हटलं हलकी असणार. जबड्यात बसली. नेब्बिओलो द्राक्षाचं असंच असतं म्हणे, दिसायला गरीब आणि टॅनिन एकदम करकरीत. राग येऊन अर्धी बाटली बूच लावून ओट्यावर सोडून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओतून टाकायला गेलो, टाकायच्या आधी सहज हुंगली तर सुकलेला गुलाब, डांबर, चेरी. सिंकपाशीच उभा राहून संपवली, दिवा पण लावला नव्हता.

*

धागा काढणारी परत आलेय. सगळ्यांचे अनुभव वाचून काल मोज्यांचा खेळ खेळलो. पाच बाटल्या, त्यातली एक माझी अत्यंत लाडकी काबर्ने, डोळे मिटून ओळखेन म्हणून पैज लावलेली. ओळखली नाही. पाचवा नंबर दिला. शेऱ्यात "तुरट, कंटाळवाणी" असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. मोजा काढला, लेबल बघितलं, परत एक घोट घेतला.

आवडली.